मॉन्युमेंट व्हॅली आणि व्हॅली ऑफ द गॉड्स: १७ मैलांचे दोन कच्चे रस्ते

यूएस १६३ हा हायवे युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच्या तांबड्या वाळवंटातून जातो. त्यावर मेक्सिकन हॅट नावाचं एवढंसं गाव आहे. गावाच्या नैर्ऋत्येला मॉन्युमेंट व्हॅली, ईशान्येला व्हॅली ऑफ द गॉड्स. दोन्हीकडे सपाट जमिनीतून सुटे, उभे कातळ वर आलेले. दोन्हीकडे कच्चा रस्ता, आणि तोही दोन्हीकडे १७ मैलांचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटर. एकातून दुसरीकडे जायला पाऊण तास पुरतो. त्यामुळे ट्रिप आखणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीचे फोटो दुसरीच्या नावाने फिरतात आणि पाठोपाठ सल्ला येतो: ‘तेच दगड, फुकटात, गर्दी नाही. मॉन्युमेंट व्हॅलीला पैसे कशाला घालवायचे?’

दगड तेच नाहीत, पण ते एक वेळ सोडून देऊ. फुकट म्हणजे सोपं, असं धरून चालणं हा या सल्ल्यातला खरा घोळ आहे.

मॉन्युमेंट व्हॅली नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातीची आहे. १९५८ पासून ते नवाहो नेशनचं, म्हणजे त्यांच्या स्वशासित प्रदेशाचं, ट्रायबल पार्क आहे आणि कारभारही त्यांचाच. नॅशनल पार्क सर्व्हिसचा तिथे काही संबंध नाही, त्यामुळे बाकीच्या पार्कांत चालणारा तुमचा वार्षिक पास गेटवर काढून उपयोग नाही. माणशी ८ डॉलर भरायचे. आत आजही नवाहो कुटुंबं राहतात. म्हणजे आपण कोणाच्या तरी दारात गाडी घेऊन गेलेलो असतो, आणि नियम त्या हिशेबाने आहेत. ठरलेला लूप, म्हणजे तो १७ मैलांचा वळसा घालून परत येणारा रस्ता, सोडून गाडी आत घालायची नाही, ड्रोन उडवायचा नाही, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. कूलरमध्ये बीअर भरली असेल तर नवाहो नेशनच्या हद्दीत दारूबंदी आहे, हेही लक्षात असू द्या. मिस्टरी व्हॅली, हंट्स मेसा यांसारख्या ठिकाणी नवाहो गाइड सोबत असेल तरच जाता येतं. मला हा नियम फार रास्त वाटतो. शिवाय गाइडच्या उघड्या जीपमध्ये जे ऐकायला मिळतं ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

इथलं घड्याळही जाता जाता समजून घ्या. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन मात्र करतं. तेव्हा उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या वेळेवर चालणाऱ्या पेज गावाहून निघालात तर मॉन्युमेंट व्हॅलीत तुमचं घड्याळ एक तास मागे असतं. फोनवरची वेळ सीमेजवळ मनाला येईल तशी पुढेमागे उड्या मारते. दुपारची जीप टूर ठरवलेली असेल तर वेळ कुठली, हे टूरवाल्यालाच विचारून घ्यावं.

व्हॅली ऑफ द गॉड्स केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यात आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या बेअर्स इअर्स नॅशनल मॉन्युमेंटचा (म्हणजे संरक्षित सरकारी प्रदेशाचा) ती भाग झाली, २०१७ मध्ये सीमा आक्रसल्या तेव्हा बाहेर पडली आणि २०२१ मध्ये पुन्हा आत आली. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही. गेट नाही, फी नाही, ऑफिस नाही. आणि पाण्याचा नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही. आधी कोणी तंबू ठोकलेल्या मोकळ्या जागांवर रात्री मुक्काम करता येतो, मात्र पाणी बरोबर न्यायचं आणि घाण बरोबर परत आणायची. मोबाइलच्या रेंजवर भिस्त ठेवू नये.

आता दगडांचं. दोन्हीकडचे वालुकाश्म पर्मियन काळातले, २५ कोटी वर्षांपलीकडचे. पण थर वेगवेगळे आहेत. मॉन्युमेंट व्हॅलीत उभी भिंत दिसते ती ‘डी शे’ वालुकाश्माची. वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचा हा जाड, एकजीव थर. तो उभ्या भेगांवर सरळसोट तुटतो, म्हणून कडे सुरीने कापल्यासारखे. त्याच्या खाली ऑर्गन रॉक नावाचा मऊ शेल, म्हणजे गाळाचा पापुद्र्यांसारखा खडक. तो झिजून पायथ्याशी उतरता घेर तयार होतो. ईस्ट मिटन आणि वेस्ट मिटन हे हातमोज्याच्या आकाराचे दोन प्रसिद्ध कातळ पाहिलेत की ही रचना लगेच ध्यानात येते. व्हॅली ऑफ द गॉड्समधले कातळ त्याहून खालच्या, म्हणजे जुन्या थरांतले: सीडर मेसा वालुकाश्म आणि त्याखालचा हलगायटो. इथे कठीण-मऊ थर आलटून पालटून येतात, त्यामुळे कातळांना आडवे पट्टे आणि पायऱ्या पडलेल्या दिसतात. फोटोवरून ओळखायचं झालं तर ही खूण सहसा पुरते. आकारानेही हे कातळ लहान. नावं मात्र गमतीची, सेव्हन सेलर्स, लेडी इन द बाथटब अशी.

आणि फोटोंत नेहमी दिसणारा तो लांबलचक सरळ रस्ता, ज्याच्या टोकाला क्षितिजावर कातळांची रांग दिसते? तो या दोन्हींतला नाही. तो यूएस १६३चाच डांबरी पट्टा आहे, मेक्सिकन हॅटकडून मॉन्युमेंट व्हॅलीकडे येताना दिसणारा. फोटोसाठी लोक बिनधास्त हायवेच्या मधोमध उभे राहतात. तुम्ही राहू नका.

मॉन्युमेंट व्हॅलीचा लूप व्हिजिटर सेंटरपासून सुरू होतो आणि सुरुवातीलाच खाली उतरतो. हा उतार बऱ्याचदा रस्त्याचा सगळ्यात वाईट भाग असतो: खड्डे, वर आलेले दगड, मध्येच भुसभुशीत वाळू. पुढे वेगमर्यादा कमी, थांबे क्रमांक लावलेले, समोरून-मागून गाड्या चालूच. रेन गॉड मेसाभोवती रस्ता एकेरी होतो. दोन-तीन तास धरावेत. साध्या सेडान रोज जातात, पोटाला दगड लागलेल्याही काही निघतात. आरव्ही (आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या) आणि मोटारसायकलींना लूपवर बंदी आहे. पण गाडी रुतलीच, तर दहा-पंधरा मिनिटांत मागून कोणीतरी येतं, आणि ते जीपवालेच असण्याची शक्यता जास्त. त्यांना त्या रस्त्याचा दगड न् दगड ठाऊक असतो.

व्हॅली ऑफ द गॉड्सचा रस्ता कोरड्या दिवशी याहून सोपासुद्धा वाटू शकतो. थोडे चढउतार, काही तीव्र वळणं, आणि पूर्वेच्या बाजूने शिरताना लागणारं लाइम क्रीकचं पात्र, बहुतेक वेळा कोरडं. त्रास असतो तो पन्हळी पत्र्यासारख्या झालेल्या पृष्ठभागाचा. सुट्या मातीवरून वेगात जाणारी चाकं उड्या मारतात, प्रत्येक उडीला माती थोडी हलवतात आणि पाठोपाठ आडव्या लाटा तयार होतात. त्यावरून जाताना स्टिअरिंग थरथरतं, डिकीतलं सामान वाजतं आणि वळणावर मागची चाकं बाजूला सरकतात. उपाय एकच, वेग कमी. टायरमधली हवा थोडी कमी करण्याचा सल्ला मिळतो आणि तो खराही आहे, पण डांबरावर आल्यावर परत भरायला पंप जवळ असेल तरच.

पाऊस पडला की सगळं फिरतं. इथल्या मातीत चिकण भरपूर. ओली झाली की ती टायरच्या खाचांत बसते, खाचा बुजतात आणि टायर गुळगुळीत होतो. फोर-व्हील ड्राइव्हने चारही चाकांना ताकद मिळते, पण पकडच नसेल तर चारही चाकं एकदम घसरतात. जुलै ते सप्टेंबर हा तिथला वादळी पावसाचा काळ. आकाश डोक्यावर निळं असलं तरी दूरवर कोसळलेल्या सरीचं पाणी कोरड्या पात्रातून लोंढ्याने येतं. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, मग ते घोट्याएवढं का दिसेना. ओल्या रस्त्यावर न शिरणं हेच शहाणपण, कारण इथे मागून कोणी येईलच असं नाही.

म्हणून भाड्याची गाडी घेताना दोन गोष्टी बघायच्या. करारात कच्च्या रस्त्यांबद्दल काय लिहिलंय ते. अनेक करारांत अशा रस्त्यांवर गाडी नेणं सरळ मना असतं, मग टोइंगपासून सगळा खर्च आपल्या अंगावर. आणि डिकीचा तळ उचलून स्टेपनी आहे का ते. बऱ्याच नव्या गाड्यांत फक्त पंक्चरचं किट येतं. टायरची बाजू दगडाने फाटली तर त्या किटचा काही उपयोग नाही.

व्हॅली ऑफ द गॉड्सचा रस्ता पश्चिमेला युटा २६१ या हायवेला मिळतो. तिथे उजवीकडे वळलं की मोकी डगवे. हा कड्यात खोदलेला घाट, जवळपास तीन मैल कच्चा, सुमारे ११०० फूट चढणारा. १९५०च्या दशकात फ्राय कॅन्यनमधल्या हॅपी जॅक खाणीतलं युरेनियमचं खनिज मेक्सिकन हॅटजवळच्या कारखान्यात आणण्यासाठी तो काढला. ‘आलोच आहोत तर घाटही करू’ हा मोह होतोच. कोरडा असेल आणि चालवणाऱ्याला उंचीची भीती नसेल तर जरूर करा, मोठी आरव्ही घेऊन मात्र नको. डावीकडे वळलात तर गूसनेक्स लागतं. सॅन ह्वान नदीने सुमारे १००० फूट खोल कोरलेले वेढे कठड्याशी उभं राहून दिसतात, आणि तिथवर रस्ता डांबरी आहे.

आईवडील भारतातून आलेत, हातात एकच दिवस आहे, तर मी मॉन्युमेंट व्हॅलीच सांगेन, आणि लूप आपल्या गाडीने न करता जीपने. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांना व्हिजिटर सेंटरच्या गच्चीवरून दोन्ही मिटन्स आणि मेरिक ब्यूट हे तिन्ही मोठे कातळ खुर्चीत बसून दिसतात. दोन्ही करायचं असेल तर सकाळी व्हॅली ऑफ द गॉड्स, दुपारनंतर मॉन्युमेंट व्हॅली. पावसाळ्यात ढग बहुधा दुपारी जमतात, तोवर तुम्ही चिकणमातीतून बाहेर असता. आणि व्हिजिटर सेंटरचं तोंड पूर्वेला असल्यामुळे मावळतीचं ऊन मिटन्सवर समोरून पडतं. सकाळी गेलात तर फक्त काळ्या आकृत्या दिसतात. पेट्रोल आणि पाणी मेक्सिकन हॅटमध्येच, पहिल्या कच्च्या रस्त्यावर उतरण्याआधी.