हवामानाचा धोका व्याजदरात आजच मोजला जातो

‘हवामान बदलाचा फटका कंपन्यांना पुढच्या पिढीत बसेल, कर्ज देणारे फक्त ताळेबंद बघतात,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. कॅलिफोर्नियातली पीजी अँड ई ही वीज कंपनी बघा. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिच्या जुनाट वाहिनीवरचा झिजलेला लोखंडी हूक तुटला, ठिणग्या पडल्या आणि पावसाअभावी वाळलेल्या रानातून वणवा पॅराडाइज गावावर चालून गेला. ८५ माणसं गेली. जानेवारी २०१९ मध्ये पतमानांकन संस्थांनी, म्हणजे कंपनी कर्ज फेडू शकेल का हे जोखणाऱ्यांनी, कंपनीला गुंतवणूकयोग्य श्रेणीतून खाली काढलं. त्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज. हूक वेळेत बदलला नाही हा कंपनीचाच गुन्हा, आणि तिनं तो न्यायालयात कबूलही केला. पण ठिणगीचा एवढा वणवा झाला तो कोरडं रान आणि सुसाट वाऱ्यामुळे. हा धोका मानांकनात धरला जातो, आणि मानांकन उतरलं की नव्या कर्जाचं व्याज चढतं.