‘रिफिल’ या शब्दाचा घोळ : जिनिंगमधल्या गॅसवरच्या फोर्कलिफ्टची पार्श्वभूमी

हिंगणघाट, वणी, अकोट पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्यांत) १७० किलोची गठाण पूर्वी हमाल आकडे लावून सरकवत. नंतर पुढच्या लोखंडी दातांवर (फोर्कवर) ओझे उचलणारी गाडी, म्हणजे डिझेलचा फोर्कलिफ्ट आला, मग बॅटरीचा. गॅसवरचे फोर्कलिफ्ट तुरळकच, पण भानगड तिथेच आहे.

वाहनांत एलपीजी वापरायला २००० साली कायद्याने मोकळीक मिळाली आणि २००१ मध्ये स्वतंत्र आदेश निघाला. ‘रिफिल’ हा शब्द मात्र स्वयंपाकघरातून आला. घरी रिफिल म्हणजे रिकामी टाकी देऊन भरलेली घेणे. पंपावर तेच म्हणजे गाडीच्या पक्क्या टाकीत गॅस सोडणे. फोर्कलिफ्टच्या परदेशी पुस्तिकांत दोन्ही असतात : टाकी बदलणे, किंवा आवारातल्या मोठ्या टाकीतून लहान टाकी भरणे. ‘टाकी भरा’ एवढेच वाचून कुणी १९ किलोच्या व्यावसायिक टाकीतून गॅस उतरवायला बसतो. परवान्याशिवाय टाकी भरणे बेकायदा आहे. १९८१, २००४ आणि २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांचा रोख एकच आहे. नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा खात्याचे नियम नागपूरच्या दारातच वाचले जाऊ नयेत, हे नवलच.

उतरवताना मोजमाप राहत नाही. टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरायची, कारण द्रव २० अंशांवरून ४५ वर गेला की सहा ते नऊ टक्के फुगतो. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये काठोकाठ भरलेल्या टाकीचा सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो. गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत रुईच्या उडत्या तंतूंमध्ये पसरतो.

जिनिंगमध्ये करायची असते ती फक्त अदलाबदल, आणि तीही शेडबाहेर, उघड्यावर. फोर्क जमिनीला टेकवून ब्रेक लावावा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे नळीतला गॅस जळून जातो. मग चावी बंद. उरलेला द्रव उणे ४२ अंशांपर्यंत थंड होऊ शकतो, म्हणून जाड हातमोजे घालावेत आणि जोड हातानेच सोडवावा. पाना लावला की रबरी रिंग चिरते. नवी टाकी आडवी ठेवताना कॉलरमधले (व्हॉल्व्हभोवतीच्या कड्यातले) छिद्र ब्रॅकेटच्या खिळीवर बसलेच पाहिजे. तेव्हाच सुरक्षा व्हॉल्व्ह वरच्या वाफेत राहतो आणि आतली नळी तळच्या द्रवात बुडते. उलटी बसली तर नळी वाफ ओढते, टाकी अर्धी असतानाच इंजिन दम तोडते, आणि मेकॅनिक मात्र कार्बुरेटर खोलतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तरी असाच चकवा होतो, कारण आतली जादा प्रवाह रोखणारी झडप बंद होते. त्यामुळे व्हॉल्व्ह हळू उघडावा आणि जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे.

घरगुती १४.२ किलोची टाकी इथे चालत नाही. तिच्यातून वाफ निघते, फोर्कलिफ्टला द्रव लागतो.