संगीत-सॉफ्टवेअर, अल्पप्रचलित प्रोग्रॅमिंग भाषांतील

ध्वनीची निर्मिती, त्यावरील संस्करण किंवा स्वर-तालाची रचना करणारे सॉफ्टवेअर सी व सी++ या रूढ भाषांऐवजी लिस्प, स्कीम, हास्केल, क्लोजर अशा कमी वापराच्या भाषांत, अथवा सुपरकोलायडर, चक, फाउस्ट यांसारख्या खास संगीतासाठी घडवलेल्या भाषांत लिहिण्याची पद्धती. ‘अल्पप्रचलित’ हे विशेषण स्थलकालसापेक्ष आहे. नागपुरात सी, जावा आणि पायथन शिकून बाहेर पडलेल्या अभियंत्याला हास्केल परकी वाटते. १९५७ मध्ये मात्र फोर्ट्रानसुद्धा नवलाईची होती.

या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरएसी या संगणकावर १९५०-५१ च्या सुमारास धून वाजवली गेली असे मानतात, परंतु त्या वादनाचे मूळ ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. मँचेस्टर येथे ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमने फेरांटी मार्क १ या यंत्रावर ब्रिटिश राष्ट्रगीत वाजवले व बीबीसीने १९५१ मध्ये ते मुद्रित केले. या मुद्रणाची बिघडलेली गती अभ्यासकांनी २०१६ मध्ये दुरुस्त केली. मुद्रित पुरावा हा निकष धरल्यास मँचेस्टरचा दावा बळकट ठरतो. तथापि या दोन्ही ठिकाणी यंत्रातील विद्युत्-स्पंद सरळ ध्वनिक्षेपकाकडे पाठवलेले होते. ध्वनितरंगाची प्रत्येक किंमत आकड्याने काढायची आणि ते आकडे नंतर परिवर्तकाने ध्वनीत उतरवायचे, ही आजची रीत बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज यांच्या ‘म्यूझिक १’ या प्रोग्रॅमपासून (१९५७) सुरू होते. आयबीएम ७०४ वर तयार झालेली त्यातील पहिली रचना अवघी १७ सेकंदांची होती. ‘आधी कोणाचा संगणक वाजला’ हा प्रश्न रंजक असला, तरी प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासासाठी मॅथ्यूज यांची परंपराच अधिक उपयुक्त ठरते, कारण वाद्याची व्याख्या आणि स्वरांची यादी वेगळी ठेवण्याची कल्पना तिच्यातून रुजली. बॅरी व्हर्को यांनी १९८६ मध्ये एमआयटीत तयार केलेले सीसाउंड हे ध्वनिनिर्मितीचे सॉफ्टवेअर याच वंशातील आहे.

भाषेची निवड येथे कळीची ठरते ती वेळेच्या बंधनामुळे. सेकंदाला ४८,००० नमुने (ध्वनितरंगाच्या आकड्यांतील किंमती) या दराने ६४ नमुन्यांचा एक बफर (तात्पुरता साठा) भरण्यास सुमारे १.३३ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात हिशोब पुरा झाला नाही, तर ऐकणाऱ्याला ‘टक्’ असा खंड ऐकू येतो. लिस्प, हास्केल यांसारख्या भाषा निरुपयोगी झालेली स्मृती आपोआप मोकळी करतात. ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणतात ते हेच. त्यासाठी प्रोग्रॅम २० मिलिसेकंद थांबला, तर वरील दराने ९६० नमुने हुकतात. प्रोसेसर तापल्यावर स्वतःची गती उतरवतो, हे ध्वनी तुटण्याचे कारण वेगळेच. पण नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत लॅपटॉपवर तानपुरा लावणाऱ्याने भाषेला दोष देण्यापूर्वी ते तपासलेले बरे.

या अडचणीवर दोन प्रकारचे तोडगे निघाले. पहिल्यात ध्वनी तयार करणारा भाग व त्याला आज्ञा देणारी भाषा यांची फारकत केली जाते. जेम्स मॅकार्टनी यांच्या सुपरकोलायडरच्या (१९९६) तिसऱ्या आवृत्तीत ध्वनीचा सर्व्हर सी++ मध्ये लिहिलेला असून त्याला संदेश पाठवणारी भाषा स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वळणाची आहे. तिचा दम क्षणभर अडखळला तरी सर्व्हरचा ध्वनी तुटत नाही. सॅम एरन यांचे क्लोजरमधील ओव्हरटोन व रुबीवर आधारलेले सॉनिक पाय हे त्याच सर्व्हरवर उभे आहेत. ॲलेक्स मॅक्लिन यांच्या हास्केलमधील टायडलसायकल्सचा ध्वनीही सहसा त्याच्याकडूनच येतो. दुसऱ्या तोडग्यात भाषाच मर्यादित ठेवून तिचे रूपांतर वेगवान भाषेत केले जाते. ल्यों येथील ग्राम या संस्थेत २००२ च्या सुमारास आकारास आलेली फाउस्ट ही याचे ठळक उदाहरण होय. तिच्यात ध्वनिप्रक्रियांचे ठोकळे पाच जोडक्रियांनी जोडतात आणि कंपायलर (भाषांतर करणारा प्रोग्रॅम) त्यातून सी++ व इतर भाषांतील मजकूर तयार करतो. ‘+ ~ *(0.5)’ एवढ्याच लिखाणातून आलेल्या नमुन्यात आधीच्या फलिताचा निम्मा भाग मिसळला जाऊन ध्वनी मऊ होतो. ग वांग आणि पेरी कुक यांच्या चक या भाषेत (२००३) वेळ पुढे सरकवणे हीच मूळ क्रिया आहे. न्यक्विस्ट ही रॉजर डॅनेनबर्ग यांची लिस्प-वंशीय भाषा ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अंतर्भूत असल्यामुळे, त्यातील काही इफेक्ट वापरणाऱ्या अनेकांनी नकळत लिस्पच चालवलेली असते.

भारतीय संगीताच्या दृष्टीने या भाषांचे महत्त्व अपूर्णांक अचूक ठेवण्यात आहे. १६ मात्रांच्या तीनतालात समेपासून (पहिल्या मात्रेपासून) तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा, घेऊन पुढच्या समेवर यायचे आणि शेवटच्या ‘धा’ला पूर्ण मात्रा द्यायची, तर १७ मात्रा भरतात : ५ मात्रांचा बोल तीनदा व मध्ये एकेक मात्रेचे दोन विराम. १० मात्रांच्या झपतालात याच रीतीने ११ मात्रा, म्हणजे ३ मात्रांचा बोल व एकेका मात्रेचे विराम बसतात. तीनतालातील तिहाई बेदम, म्हणजे विरामाशिवाय, घ्यायची झाल्यास बोल १७/३ मात्रांचा होतो. लिस्प व हास्केल ही संख्या अपूर्णांक म्हणून जशीच्या तशी बाळगू शकतात. अपूर्णांक द्विमान (बायनरी) पद्धतीने ठरावीक अंकांपर्यंतच साठवणाऱ्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये ०.१ दहा वेळा मिळवले तरी बेरीज नेमकी १ होत नाही. हा फरक कानाला कळणार नाही, पण ‘सम आली का’ ही तपासणी मात्र फसते. शुद्ध गांधाराचे ५/४ हे गुणोत्तरही असेच सरळ लिहिता येते. ते सुमारे ३८६ सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग) येते, तर हार्मोनियमच्या सम-विभाजित पट्टीवर गांधार ४०० सेंटला असतो.

तबल्याच्या बोलांना व्याकरणाचे नियम लावणारे बोल प्रोसेसर हे बर्नार्ड बेल व जिम किप्पेन यांनी १९८० च्या दशकारंभी ॲपल २ या संगणकासाठी विकसित केले. त्यामागे लखनौचे तबलावादक अफाक हुसेन खाँ यांच्या कायद्यांचा (एका बोलाचा विस्तार करणाऱ्या तबल्यातील रचनांचा) अभ्यास होता. नियमांनी निर्माण झालेला बोल उस्तादाला मान्य होतो का, ही त्याची कसोटी होती. केवळ भाषेच्या गुणदोषांवर केलेल्या तुलनांपेक्षा ही कसोटी अधिक विश्वसनीय वाटते.

विदर्भातील वाद्यांपैकी खंजिरीचे उदाहरण फाउस्टच्या अभ्यासास सोयीचे आहे. नागपूर विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे तिचा नाद येथील कानांना परिचयाचा आहे. चामड्यावरील थाप म्हणजे झपाट्याने विरणारा खालचा स्वर, तर झांजांची किणकिण म्हणजे गाळणीतून काढलेला व किंचित लांबवलेला गोंगाट. हे दोन ठोकळे समांतर जोडून त्यांची बेरीज केली की ओळखू येण्याजोगी खंजिरी तयार होते. थाप बोटाने दिली की तळहाताने, हा फरक विरण्याचा काळ बदलून काही अंशी साधतो. चामडे दाबून स्वर चढवण्यासाठी मात्र थाप वाजत असतानाच कंपनसंख्या बदलावी लागते.