गॅरेजची परिभाषा

मोटारगाडीचे सुटे भाग, त्यांतले बिघाड आणि दुरुस्तीची कामे यांसाठी महाराष्ट्रातल्या गॅरेजांत रूढ असलेली शब्दावली. चाक, वंगण, पाटा, पाना हे शब्द मराठीत मुरलेले आहेत. वंगण तर बैलगाडीच्या आसालाही लागत असे. बॉनेट, सायलेन्सर, डिकी हे ब्रिटिश इंग्रजीतून आले. इंजिन बांधणे (खोलून दुरुस्त करून पुन्हा जुळवणे), सेल्फ मारणे, शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) बसणे, गाडी ओढणे हे मात्र कारागिरांनी कामाच्या ओघात घडवलेले शब्दप्रयोग होत. कंपनीच्या पुस्तिकेत ते सापडत नाहीत, तरी गाडीचे दुखणे सर्वांत नेमके त्यांतच सांगता येते.

काही शब्दांचा प्रवास लांबचा आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधील लनेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास टायर चढवलेली, आरे नसलेली धाव, म्हणजे चाकाची गोल कडी, तयार केली. पंक्चर झालेल्या चाकावर ती आवळून पुढे जाता येई. त्या रस्त्याचे नाव त्या वस्तूला पडले आणि आपल्याकडे ‘स्टेपनी’ म्हणजे कोणतेही जादा चाक झाले. डिकी म्हणजे मूळची गाडीच्या मागची उघडी, घडीची बैठक. आता त्या जागी सामान असते.

‘सेल्फ’ हे सेल्फ-स्टार्टरचे तोकडे रूप. आधी इंजिन हँडल मारून फिरवावे लागे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि ते कष्ट हळूहळू संपले. ‘गाडी सुरू होत नाही’ एवढ्याने कारागिराला काहीच कळत नाही. ‘सेल्फ लागत नाही’ म्हटले की संशय बॅटरी, तिची टर्मिनल किंवा खुद्द सेल्फकडे जातो. ‘सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही’ म्हटले की शोध इंधनाकडे आणि ठिणगीकडे वळतो. किल्ली फिरवताच नुसते कटकट वाजले, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. १२ च्या आसपासच राहिले तर अल्टरनेटर, म्हणजे जुन्या कारागिरांचा ‘डायनामो’, चार्जिंग देत नाही. अशा गाडीत नवी बॅटरी बसवली तर तीही काही दिवसांत उतरते. पैसे वाया जाण्याचे हे फार नेहमीचे उदाहरण आहे.

क्लच प्लेट ही फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) आणि प्रेशर प्लेट (दाब देणारी तबकडी) यांच्यामध्ये दाबून धरलेली, घर्षणाचे अस्तर असलेली चकती. अस्तर झिजले की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी तेवढी पळत नाही. याला ‘क्लच स्लिप मारणे’ म्हणतात. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की ही झीज झपाट्याने होते आणि जळका वास येतो. पॅडल दाबताच घरघर येत असेल, तर दोष बहुधा रिलीज बेअरिंगचा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदम बदलण्याची पद्धत योग्य आहे, कारण कोणत्याही एकासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो.

ब्रेकचे शब्द घाटात जिवाशी येतात. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क व पॅड आणि मागे ड्रम व लायनर असतात. आंबोली किंवा खंबाटकी उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात आणि त्यांची पकड घटते. त्यातच ब्रेक ऑइल जुने असेल तर धोका वाढतो. नावात ऑइल असले तरी नेहमीच्या डॉट-३ आणि डॉट-४ प्रकारांत ते खनिज तेल नसते आणि हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट-४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो; ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. द्रव उकळला की नळीत वाफ होते आणि पॅडल नुसतेच खाली जाते. म्हणूनच चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये घाट उतरावा, असे जुने ड्रायव्हर सांगतात. उतारावर इंजिनच गाडी आवरून धरते.

‘इंजिनचे काम निघाले’ हे वाक्य ऐकताच कोणते काम ते विचारावे. ‘हाफ इंजिन’मध्ये हेड, व्हॉल्व्ह, पिस्टन आणि रिंगा येतात, ‘फुल इंजिन’मध्ये क्रँक व त्याची बेअरिंगही. धुराचा रंग येथे मोठी साक्ष देतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन जास्त जाते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचे सील, गेल्याचा दाट संशय घ्यावा. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले असते.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही नावे जोडीने घेतली जातात, पण कामे वेगळी आहेत. चाकांचे कोन बिघडले की गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एकाच कडेने झिजतो. हे अलाइनमेंटचे लक्षण. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरले तर बॅलन्सिंग करून रिमला वजनाचे छोटे तुकडे लावतात. खड्ड्यात ‘टकटक’ ऐकू आली तर शॉकअपवर दोष ठेवण्याआधी बुश, लिंक रॉड आणि बॉल जॉइंट हे सस्पेन्शनच्या सांध्यांचे भाग तपासणे शहाणपणाचे. त्यांचा खर्च बराच कमी असतो.

सुट्या भागांच्या दुकानात, पुण्याच्या नाना पेठेत असो वा मुंबईत कुर्ल्याला, ‘कंपनीचा’ आणि ‘लोकल’ हे दोन शब्द हमखास कानी पडतात. ब्रेक आणि स्टीअरिंगच्या भागांत लोकल माल घेऊ नये. बदललेला जुना भाग मागून पाहावा. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुरातील प्रदूषणासाठी बीएस-६ (भारत स्टेज-६) मानके लागू झाली. आजच्या इंजेक्शनच्या (इंजेक्टरने इंधन फवारणाऱ्या) गाड्यांत बिघाड शोधायला स्कॅनर लावतात; तो बिघाडाचा कोड दाखवतो. पी०३०१ हा कोड म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ‘मिसिंग’ आहे, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. ते प्लगमुळे, कॉइलमुळे की इंजेक्टरमुळे, हे कोड सांगत नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर कारागीर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर बसवून पाहतो. कोड बदलून पी०३०२ आला, तर कॉइलच खराब आहे.