साठीनंतरचं चालणं : वेळ किती, वेग किती

सकाळी बागेत तासभर फिरून येणाऱ्या ज्येष्ठांकडे नीट पाहिलं, तर त्यातला बराच वेळ बाकावर जातो आणि उरलेला गप्पांच्या वेगानं चालण्यात. त्यात वाईट काही नाही. पाय मोकळे होतात, चार माणसं भेटतात. पण ‘चालण्यानं मेंदू तरतरीत राहतो’ हे ज्या प्रयोगांच्या आधारे म्हटलं जातं, त्यांतलं चालणं या जातीचं नव्हतं.

सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतला. कर्क एरिक्सन, आर्थर क्रेमर आणि सहकाऱ्यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ५५ ते ८० वयाचे, बैठ्या सवयीचे, स्मृतिभ्रंश नसलेले १२० जण निवडले आणि त्यांचे दोन गट केले. एक गट वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, भराभर चालला. दुसरा गटही तितकेच दिवस यायचा, पण स्ट्रेचिंग, डंबेल्स किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव आणि योगासनांचा एक क्रम एवढंच करायचा. घराबाहेर पडणं, सोबत, प्रशिक्षकाचं लक्ष दोन्हीकडे सारखंच होतं. मुख्य फरक होता तो दम लागण्याचा.

वर्षअखेरच्या एमआरआयमध्ये चालणाऱ्यांचा हिपोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला, तर दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी आक्रसला होता. नव्या आठवणी साठवण्यात आणि रस्ते, जागा लक्षात ठेवण्यात मेंदूच्या याच भागाचा मोठा वाटा असतो, आणि उतारवयात तो वर्षाला एक ते दोन टक्के झिजत असतो. वाढ मुख्यतः त्याच्या पुढच्या भागात झाली. शेजारच्या थॅलॅमसमध्ये फरक पडला नाही. म्हणजे सगळा मेंदू सरसकट फुगला, असं झालेलं नाही.

बातम्यांमध्ये एक गोष्ट गाळली जाते. स्मरणाच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले, आणि गटांच्या सरासरीत ठळक फरक निघाला नाही. चालणाऱ्यांपैकी ज्यांचा हिपोकॅम्पस जास्त वाढला, त्यांचं स्मरणही जास्त सुधारलं, एवढा संबंध मात्र दिसला. तो महत्त्वाचा आहे, पण ‘चाला आणि विसरभोळेपणा घालवा’ असं त्यातून निघत नाही. वाढ नेमकी कशाची, हेही एमआरआय सांगत नाही. पळणाऱ्या उंदरांत नव्या चेतापेशी तयार होतात, हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. प्रौढ माणसांत तसं किती होतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढणं, पेशींच्या शाखा दाट होणं, हीही कारणं असू शकतात. चेतापेशींना जगवणारं बीडीएनएफ नावाचं प्रथिन रक्तात जितकं वाढलं, तितकी हिपोकॅम्पसची वाढ जास्त, असंही चालणाऱ्यांत आढळलं.

आता प्रयोगातली मात्रा. पहिल्या आठवड्यात फक्त १० मिनिटं, मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत सातव्या आठवड्यात ४० मिनिटं. शिवाय आधी आणि नंतर पाचेक मिनिटं सावकाश चालणं आणि ताण देणं. वेग नाडीवरून ठरवायचा. ६८ वर्षांच्या माणसाची नाडी सकाळी अंथरुणात मोजली आणि ७२ भरली, असं समजू. २२० मधून वय वजा केलं की कमाल नाडी १५२. त्यातून ७२ गेले, हाती ८० राहिले. या ८० चे ५० ते ६० टक्के, म्हणजे ४० ते ४८, पुन्हा ७२ मध्ये मिळवले की पहिल्या सात आठवड्यांची नाडी ११२ ते १२०. त्यानंतर ६० ते ७५ टक्के, म्हणजे १२० ते १३२. हे सूत्र ढोबळ आहे. दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. म्हणून बोलण्याची कसोटी सोबत ठेवावी. वाक्य पुरं बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली, की बहुतेकांचा मध्यम वेग होतो.

ही मोजणी सर्वांत जास्त फसते ती रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधं नाडी फारशी वाढू देत नाहीत. मग ‘१२० काही येत नाही’ म्हणून माणूस वेग वाढवत नेतो आणि धापा टाकत थांबतो. अशांनी घड्याळातले ठोके बाजूला ठेवून केवळ दमावरच जावं. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी वेगानं चालू नये, साखर उतरते; खिशात ग्लुकोजची पुडी असू द्यावी. गुडघे दुखत असतील तर स्थिर सायकल किंवा पोहण्याच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात चालणं चालतं, कारण मुद्दा दमाचा आहे. चपलेवर भराभर चालता येत नाही, आणि उखडलेल्या फुटपाथवर तर मुळीच नाही. हिवाळ्यात शहरांत पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो, तेव्हा ऊन वर आल्यावर निघालेलं बरं. हृदयविकार असेल किंवा बरीच वर्षं व्यायाम नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. चालताना छातीत दडपण आलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथंच थांबावं.

अपेक्षाही मोजूनमापून ठेवाव्या लागतात. ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांवर दोन वर्षं चाललेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत व्यायामाच्या गटाची बुद्धी, नुसतं आरोग्यशिक्षण घेतलेल्या गटापेक्षा सरस ठरली नाही. स्मृतिभ्रंश जडलेल्या ४९४ जणांवरच्या ब्रिटनमधल्या २०१८ च्या चाचणीत जोरकस व्यायामानं शारीरिक क्षमता वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. त्यामुळे घरात कुणाला स्मृतिभ्रंश असेल, तर त्यांना चालायला न्यावं ते झोप, पायांतलं बळ आणि मोकळी हवा यांसाठी. ‘चाललात नाही, म्हणून विसरता’ असं त्यांना ऐकवू नये.