लॉबिंग, कंपन्यांचे : स्थानिक व राष्ट्रीय शासन

कायदे, कर, परवाने व नियम आपल्या हिताचे व्हावेत म्हणून कंपन्यांनी वा त्यांच्या संघटनांनी लोकप्रतिनिधी व अधिकारी यांच्यावर टाकलेला प्रभाव. लाचलुचपत यात धरत नाहीत. निवडणूक-देणग्यांबाबत मात्र ही सीमा पुसट होते.

हा प्रभाव कोणत्या पातळीवर अधिक पडतो, हा जुना वाद आहे. लहान राज्यात एखाद्या हितसंबंधी गटाला बहुमत जुळवून इतरांना दडपणे सोपे जाते, विस्तीर्ण संघराज्यात गट परस्परांना आवर घालतात, असे अमेरिकी संविधानाचे एक शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी 1787 मध्ये मांडले. त्याला पूरक म्हणून अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील गॅरी शहराचा दाखला देता येतो. यू. एस. स्टील कंपनीने 1906 च्या सुमारास वसवलेल्या या शहराने हवा-प्रदूषणाविरुद्ध नियम केला तो 1962 मध्ये. शेजारच्या ईस्ट शिकागोत तो 1949 मध्येच झाला होता. राज्यशास्त्रज्ञ मॅथ्यू क्रेन्सन (1971) यांच्या मते कंपनीला उघड विरोध फारसा करावाच लागला नाही, तिच्या नाराजीची धास्ती पुरेशी ठरली. जे घडलेच नाही त्यावरून सत्ता कशी सिद्ध करणार, हा बहुलतावाद्यांचा (सत्ता अनेक गटांत विभागलेली असते असे मानणाऱ्यांचा) आक्षेप. तो पद्धतीच्या दृष्टीने रास्त आहे; पण तेरा वर्षांच्या अंतराचा उलगडा त्याने होत नाही. अर्थशास्त्रज्ञ प्रणब बर्धन व दिलीप मुखर्जी (2000) यांनी मतदारांची जाण, पक्षीय स्पर्धा व गटांची एकजूट यांनुसार उत्तर बदलते, असे दाखवले. हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शिवाय निर्णयाची पातळीही बदलता येते. टेक्सासमधील डेंटन शहराच्या मतदारांनी नोव्हेंबर 2014 मध्ये फ्रॅकिंगवर (खडकात उच्च दाबाने द्रव सोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी घातली. मे 2015 मध्ये राज्याने कायदा करून तसा अधिकारच शहरांकडून काढून घेतला. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींबाबतही कळीचा निर्णय महापालिकेचा नव्हता. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार जमिनीचे महापालिका, म्हाडा व मालक असे स्थूलमानाने तीन वाटे व्हायचे. राज्य सरकारच्या 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरती उरली. टीकाकार यामागे गिरणीमालकांचा दबाव पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दुरुस्ती वैध ठरवली.

अमेरिकेत संघीय पातळीवर लॉबिस्टांची नोंदणी 1946 पासून आहे. 1995 च्या कायद्याने ती कडक झाली. भारतात तसा कायदा नाही.