ट्रायल बॅलन्स पाठवण्याआधी: एएस, इंड एएस आणि आयएफआरएस

हे पत्रक आमच्या सध्याच्या क्लायंट कंपन्यांच्या डायरेक्टरांसाठी आणि त्यांच्या अकाउंट्स विभागासाठी आहे. सीएंच्या जाहिरातीवर बंधने आहेत, म्हणून कृपया ते कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. कोणी आपणहून विचारले आणि तुम्ही आमचा पत्ता तोंडी सांगितलात, तर आमची हरकत नाही.

दर एप्रिलमध्ये आम्हाला साधारण एकाच मजकुराचे मेल येतात. "सोबत टॅलीचा ट्रायल बॅलन्स जोडला आहे. कृपया इंड एएसमध्ये कन्व्हर्ट करून पंधरा दिवसांत पाठवावे." चाकण-तळेगावच्या परदेशी मालकीच्या कंपन्यांचे मेल डिसेंबरअखेरीला येतात आणि त्यात एक ओळ जास्त असते: "हेड ऑफिसला आयएफआरएस हवे आहे. दोन्ही एकच ना?"

एकच नाही. ही हिशोब मांडण्याची वेगवेगळी मानके आहेत. आणि नुसत्या ट्रायल बॅलन्समधून, म्हणजे सर्व खात्यांच्या शिल्लक रकमांच्या यादीतून, दोन्हींपैकी काहीच निघत नाही.

आधी, तुम्हाला काय लागू आहे

एएस (अकाउंटिंग स्टँडर्ड्स) म्हणजे हिशोबाचे आपले जुने राष्ट्रीय मानक. सीएंच्या इन्स्टिट्यूटने त्यासाठी 1977 मध्ये मंडळ नेमले. बहुतेक प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आजही यातच आहेत आणि त्यासाठी 2021 चे नियम चालू आहेत. उलाढाल 250 कोटींपर्यंत आणि कर्जे 50 कोटींपर्यंत असतील, तर लहान-मध्यम कंपनी म्हणून त्यातही सवलती मिळतात. मात्र कंपनी लिस्टेड, बँक वा विमा कंपनी नसावी आणि एखाद्या मोठ्या कंपनीची उपकंपनी किंवा होल्डिंग कंपनीही नसावी.

आयएफआरएस हे आंतरराष्ट्रीय मानक. त्याचे मंडळ लंडनला आहे. 1973 साली सुरू झालेल्या समितीची जागा 2001 मध्ये आजच्या मंडळाने घेतली. युरोपातल्या लिस्टेड कंपन्यांना 2005 पासून एकत्रित हिशोबांसाठी तेच वापरावे लागते.

या दोन्हींच्या मधले इंड एएस. भारताने आयएफआरएस जसेच्या तसे उचलले नाही. त्याला जुळवून घेतलेले आपले मानक 16 फेब्रुवारी 2015 रोजी अधिसूचित केले. 500 कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थच्या (भांडवल अधिक साठलेला नफा) कंपन्यांना ते 1 एप्रिल 2016 पासून लागू झाले. पुढच्या वर्षी मुख्य बाजारातल्या सर्व लिस्टेड कंपन्या आणि 250 कोटींवरच्या अनलिस्टेड कंपन्या त्यात आल्या. एसएमई एक्स्चेंजवरच्या (लहान-मध्यम कंपन्यांचा शेअर बाजार) कंपन्या बाहेर आहेत. बँकांचे प्रकरण रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये पुढे ढकलले ते ढकललेलेच आहे.

इथे दोन ठिकाणी गफलत होते.

पहिली अशी की लोक फक्त स्वतःचेच नेटवर्थ पाहतात. तुमची कंपनी पंधरा कोटींची असली, तरी इंड एएस लागू असलेल्या भारतीय कंपनीने तुमचे 26 टक्के शेअर घेतले की तुम्ही तिची असोसिएट (सहयोगी कंपनी) झालात आणि इंड एएस तुमच्याही दारात आले. शेअर विकण्याच्या वाटाघाटीत हा मुद्दा कोणी काढत नाही. सह्या झाल्यावर आम्हाला फोन येतो.

दुसरी गफलत नेमकी उलटी. मालक जर्मन किंवा जपानी आहे आणि तो आयएफआरएस वापरतो, म्हणून आपल्यालाही इंड एएस लागले असे धरून चालणारे बरेच आहेत. परदेशी मालकाचे नेटवर्थ मोजले जात नाही, तुमचे स्वतःचेच पाहिले जाते. त्यामुळे अशा कंपनीचे इथले वैधानिक हिशोब एएसमध्ये आणि मालकाच्या एकत्रित हिशोबासाठी जाणारे आकडे (पॅकेज) आयएफआरएसमध्ये, ही स्थिती अगदी सर्वसाधारण आहे. मालकाच्या समाधानासाठी स्वखुशीने इंड एएस घेता येते, पण एकदा घेतले की परत फिरता येत नाही. नंतर नेटवर्थ घसरले तरीही नाही. म्हणून असा ठराव बोर्डात घेण्याआधी एक फोन करावा.

फॉरमॅट बदलायला एक दुपार पुरते

आमच्या बिलावर नेहमी येणारा शेरा असा: "नुसता फॉरमॅट तर बदलायचा, त्याचे एवढे?" कंपनी कायद्यातल्या परिशिष्ट तीनचा पहिला भाग (एएसचा नमुना) सोडून दुसऱ्या भागात (इंड एएसचा नमुना) आकडे मांडणे एवढेच काम असते, तर आम्हीही तेवढेच बिल लावले असते. वेळ जातो तो करार वाचण्यात. तुमच्याकडून नेमके तेच येत नाहीत. या पत्रकातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे राहू द्या: आम्हाला लेजर (खातेवही) नको, लेजरमागचा कागद हवा.

गोडाऊनचे भाडे घ्या. ट्रायल बॅलन्समध्ये एक ओळ दिसते, भाडे 12,00,000. एएसमध्ये ही रक्कम नफा-तोटा पत्रकात खर्ची पडते आणि विषय मिटतो. आयएफआरएस 16 आणि आपल्या इंड एएस 116 या लीजच्या मानकांमध्ये तसे होत नाही. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएसवाल्यांना हे गोडाऊन ताळेबंदात आणावे लागते. करार पाच वर्षांचा, भाडे वर्षाअखेर देय, व्याजदर 10 टक्के धरला, तर पाच वर्षांच्या भाड्याची आजची किंमत 45,48,944 रुपये होते. तेवढी मालमत्ता एका बाजूला, तेवढेच देणे दुसऱ्या बाजूला. पहिल्या वर्षी घसारा 9,09,789 आणि व्याज 4,54,894, मिळून 13,64,683. म्हणजे भाडे बारा लाखच दिले, पण नफा 1,64,683 रुपयांनी जास्त घटला. पाचव्या वर्षी हाच खर्च 10,18,880 वर येतो. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे साठ लाखच, फक्त वर्षावर्षातली वाटणी वेगळी.

यातला एकही आकडा लेजरमध्ये सापडत नाही. मुदत किती, लॉक-इन (मध्येच सोडता न येणारा काळ) किती, दरवर्षी वाढ किती टक्के, वाढवून घेण्याचा हक्क कोणाचा, भाड्यात मेंटेनन्स धरला आहे का, हे सगळे लिव्ह अँड लायसन्सच्या करारात असते. शिवाय डिपॉझिट. दहा लाख बिनव्याजी दिले आणि ते पाच वर्षांनी परत मिळणार असतील, तर त्याच 10 टक्क्यांनी त्याची आजची किंमत 6,20,921 रुपये. उरलेले 3,79,079 मालमत्तेच्या किमतीत मिळवावे लागतात. डिपॉझिटची पावती नसेल तर हेही अडते.

"आमचा करार अकरा महिन्यांचाच आहे" हे उत्तर आम्ही फार ऐकतो. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीला सूट आहे, हे खरे. पण तेच गोडाऊन दहा वर्षे तुमच्याकडे असेल आणि आत तुम्ही तीस लाखांचे रॅकिंग बसवले असेल, तर ऑडिटर विचारणारच की अकरा महिन्यांनी खरोखर सोडणार आहात का. त्याचे उत्तर तोंडी चालत नाही, टिपण करून ठेवावे लागते.

एमआयडीसीच्या प्लॉटचेही तसेच. 95 वर्षांच्या लीजचा प्रीमियम आधीच भरलेला असतो, म्हणून बहुतेकांच्या पुस्तकात ती सरळ 'जमीन' असते. एएस 19 या लीजच्या जुन्या मानकातून जमिनीची लीज वगळलेली आहे, इंड एएस 116 मधून नाही. कामगारांची ने-आण करणारी, फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलेली बस, किंवा व्हेंडरच्या शेडमध्ये फक्त तुमचाच माल काढणारी प्रेस, यांत कधी कधी लीज लपलेली असते. ट्रायल बॅलन्समध्ये ती 'वाहतूक खर्च' आणि 'जॉबवर्क' या नावांखाली बसलेली असते.

येण्यांच्या बाबतीत वेगळीच डोकेदुखी. इंड एएस 109 प्रमाणे बुडीत खात्याची तरतूद आधीच्या वर्षांच्या वसुलीच्या अनुभवावरून करायची असते. त्यासाठी कोणते बिल किती दिवसांनी वसूल झाले हे कळायला हवे. तुमच्या टॅलीत बिलवाइज चालू असते, पण पैसे आले की अकाउंटंट ते कुठल्याच बिलाला न जोडता 'ऑन अकाउंट' टाकून मोकळा होतो. मग तीन वर्षांपूर्वीची बिले उघडी दिसतात आणि समोर जमा रक्कम लोंबकळत असते. हे जुळवायला आमच्या ऑफिसातल्या मुलांचे दिवसच्या दिवस जातात आणि ते तास बिलात येतात. आजपासून प्रत्येक पावतीला बिल नंबर लावायला सांगा. यासाठी आमची गरज नाही.

तारीख मागे असते

समजा 31 मार्च 2026 ला तुमचे नेटवर्थ 250 कोटींवर गेले. इंड एएस 2026-27 पासून लागू. पण त्या ताळेबंदात मागच्या वर्षाचे आकडेही इंड एएसमध्येच लागतात आणि सुरुवातीचा ताळेबंद लागतो 1 एप्रिल 2025 चा. म्हणजे तुम्हाला कळते तेव्हा सुरुवातीची तारीख वर्षभर मागे पडलेली असते. त्या दिवशी कोणते करार चालू होते, कोणती कर्जे कोणत्या अटींवर होती, ग्रॅच्युइटीचे मूल्यांकन होते का, हे सगळे खोदून काढावे लागते. नेटवर्थ 200 कोटींच्या पुढे सरकले की कळवा. नेटवर्थमध्ये रिव्हॅल्युएशन रिझर्व्ह (मालमत्तेची किंमत पुस्तकात वाढवल्याने तयार झालेला निधी) धरायचा नाही. काही जण तो धरून विनाकारण घाबरतात.

इंड एएस आणि आयएफआरएस: फरक थोडे, पण अडवणारे

इन्फोसिस आपले निकाल इंड एएसमध्येही देते आणि अमेरिकेतल्या लिस्टिंगसाठी आयएफआरएसमध्येही. दोन्हींत मोठी तफावत दिसत नाही, म्हणून लोकांना वाटते की फरकच नाही. तुमच्याकडे पुढच्यापैकी काही असेल तर तो दिसेल.

रिकामी शेड भाड्याने दिली असेल, तर आयएफआरएसमध्ये ती बाजारभावाने दाखवता येते. इंड एएसमध्ये मूळ किमतीनेच, बाजारभाव फक्त टिपेत. मालकाचा ग्रुप बाजारभाव वापरत असेल, तर पॅकेजसाठी दरवर्षी व्हॅल्युअरचा अहवाल लागेल. दुसरी कंपनी स्वस्तात घेतली आणि त्यात फायदा झाला, तर आयएफआरएसमध्ये तो नफ्यात जातो. आपल्याकडे तो भांडवली राखीव निधीत जमा होतो. एकाच मालकाच्या दोन कंपन्या एकत्र करण्याबद्दल आयएफआरएस 3 काही सांगतच नाही, इंड एएस 103 ने त्यासाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडले आहे. कुटुंबाच्या कंपन्या असलेल्यांना हे उपयोगी पडते.

सर्वांत जास्त त्रास मशिनरीचा. इंड एएसमध्ये येताना जुन्या पुस्तकातली शिल्लक किंमत तशीच पुढे न्यायची मुभा आहे. आयएफआरएसमध्ये पहिल्यांदा येताना ती नाही. त्यामुळे एकाच प्रेस मशीनची किंमत इथल्या ताळेबंदात एक आणि पॅकेजमध्ये दुसरी राहते, ती मशीन विकेपर्यंत. असेट रजिस्टरमध्ये दोन कॉलम ठेवा. एका कॉलमवर भागवून वर्षाअखेर 'फरक' नावाची एन्ट्री टाकलेली आम्हाला ओळखू येते, हेड ऑफिसच्या ऑडिटरलाही येते.

1 जानेवारी 2027 पासून आयएफआरएस 18 लागू होत आहे. नफा-तोटा पत्रकाची मांडणी बदलेल, म्हणून पॅकेजचा नवा नमुना आला की लगेच आमच्याकडे पाठवा. गंमत म्हणजे दिलेले व्याज रोख प्रवाहात कुठे दाखवायचे याची मोकळीक त्यात बहुतेक कंपन्यांसाठी संपते. इंड एएसने ती पहिल्यापासून दिलीच नव्हती.

टॅक्स आणि बँक

इंड एएस आले म्हणून नेहमीचा आयकराचा हिशोब बदलत नाही. त्यासाठी आयसीडीएस ही दहा मानके वेगळी आहेत आणि भाडे तिथे भाडेच राहते. मॅट (किमान पर्यायी कर) भरणाऱ्या कंपन्यांनी मात्र वेगळे विचारावे. बँकेचे आधी पाहा. लीजचे देणे ताळेबंदात आले की कर्जाचे प्रमाण फुगते आणि मंजुरीपत्रातली अट मोडल्यासारखी दिसते. बँकेला आधी पत्र दिलेले बरे, आकडे पाहून मॅनेजरने फोन करण्यापेक्षा.

आम्ही काय करतो, काय नाही

ज्या कंपनीचे वैधानिक ऑडिट आमच्याकडे आहे, तिचे कन्व्हर्जन आम्ही करून देत नाही. यावर नाराजी होते, "घरचेच काम दुसऱ्याला कशाला?" असे विचारले जाते. कंपनी कायद्याचे कलम 144 ऑडिटरला त्याच कंपनीचे हिशोब लिहून द्यायला मनाई करते. आपणच लिहायचे आणि आपणच तपासायचे, हे आम्हालाही पटत नाही. अशा वेळी आम्ही दोन-तीन फर्मची नावे सुचवतो. त्यासाठी कोणाकडून काही घेत नाही.

ऑडिट दुसरीकडे असेल, तर कन्व्हर्जन, पॅकेज आणि असेट रजिस्टर हे काम आम्ही घेतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करारांची फाइल आली, तर मार्चपर्यंत तुमच्या ऑडिटरशी बोलून घेता येते आणि फी ठरावीक राहते. एप्रिलनंतर आलेले काम तासांवर मोजले जाते. फाइलमध्ये सर्व भाडेकरार, एमआयडीसीचे लीज डीड, कर्जांची मंजुरीपत्रे, ग्रुप कंपन्यांना किंवा नातेवाइकांना दिलेली बिनव्याजी कर्जे, वाहतूक आणि जॉबवर्कचे वार्षिक करार, ग्रॅच्युइटीचा ॲक्च्युअरी अहवाल आणि असेट रजिस्टर ठेवा. स्कॅन असेल तर पानांचा क्रम तपासून पाठवा. करारात वाढीव भाड्याची अट बहुधा परिशिष्टात असते आणि स्कॅनमधून नेमके तेच पान गायब असते. ट्रायल बॅलन्स सर्वांत शेवटी पाठवला तरी चालेल.